'यारोड माडु?'

(गिंडी येथील आपल्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला सांगितलं होतं, "काहीही बोला, पण पंचवीस मिनिटांत संपवा, नंतर मुलांचे कार्यक्रम आहेत." मी डिप्लोमा केलेला माणूस. पदवीवाल्यांसारखं मोठं विवेचन मला जमत नाही, त्यामुळे वेळेची चिंता नको. रूळ, स्लीपर, खडी यांवर बोललो तर निम्मी मंडळी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहतील, म्हणून आज वेगळा विषय घेतला आहे. रुळांच्या कडेला, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर एखादं जनावर अडचणीत पडलेलं दिसतं. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी. तेव्हा आपण काय करायचं, हा तो विषय.

गेल्याच आठवड्यात पोळा झाला. आमच्या माणदेशात बेंदूर त्याच्याही आधी होऊन जातो. इथे समोर बसलेल्यांपैकी बरेच जण आटपाडी, खानापूर, विटा या भागांतून सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी आलेले आहेत. त्यांना खरसुंडीचा बाजार आणि खिलार बैल यांबद्दल मी सांगायला नको. इथल्या मंडळींचा माट्टु पोंगल जानेवारीत, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी. शिंगं रंगवायची, गळ्यात माळा घालायच्या, गोडधोड खाऊ घालायचं. दोन्हीकडे सारखंच. पण पोळ्याला ज्याच्या शिंगांना आपण हात जोडतो, तेच जनावर हमरस्त्याच्या कडेला पाय झाडत पडलेलं दिसलं की आपण गाडीची काच वर करतो. याचं कारण दगड झालेलं मन नव्हे. काय करावं हेच कळत नसतं, मुलूख परका असतो, आणि भाषा येत नसते. या तीन गोष्टींपैकी तिसरीपासून मी सुरुवात करतो.

दोन तमिळ शब्द पाठ करून ठेवा. 'माडु' म्हणजे गाय-बैल, 'आडु' म्हणजे शेळी-मेंढी. वासराला 'कन्नुकुट्टी' म्हणतात, म्हशीला 'एरुमै', आणि गुरांच्या डॉक्टरला सरळ 'माट्टु डॉक्टर'. आणि एक वाक्य: "यारोड माडु?" म्हणजे, कुणाचं जनावर हे? माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत जनावरांच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य हेच. कारण शेतातलं जनावर रानातल्या हरणासारखं नसतं. त्याच्या गळ्यात दावं असतं आणि त्या दाव्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी घरात असतं. तो माणूस सापडला की निम्मं काम झालं. त्याला त्याची गाय माहीत असते, ती कधी व्यायली, काल काय खाल्लं, मारते की नाही. आपल्याला यातलं काहीच माहीत नसतं.

माझी नोकरी पी-वेची, म्हणजे लोहमार्गाची देखभाल. आमच्या बोलण्यात एक शब्द येतो, सी.आर.ओ. कॅटल रन ओव्हर, म्हणजे गाडीखाली जनावर येणं. ड्रायव्हर स्टेशनला कळवतो आणि जनावर बाजूला करायचं काम आमच्या गँगकडे येतं. मेलेल्या जनावराचं काम अवघड असलं तरी सरळ असतं. अवघड होतं ते जिवंत राहिलेल्याचं. आणि अशा वेळी आजूबाजूच्या वस्तीत "यारोड माडु?" विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. जनावर कुणाचंच नसतं!

का, ते सांगतो. रेल्वेच्या हद्दीत गुरं सोडणं हा गुन्हा आहे, आणि गाडीचं नुकसान झालं तर ते मालकाच्या अंगावर येऊ शकतं. ६ ऑक्टोबर २०२२ ला गुजरातमध्ये वटवा आणि मणिनगरच्या दरम्यान वंदे भारत गाडीला म्हशी धडकल्या आणि इंजिनाच्या बाजूचं नाक तुटलं, हे आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. त्यात गुन्हा नोंदवला गेला तो 'अज्ञात' मालकांवर. अज्ञात हा शब्द मला मोठा बोलका वाटतो. नंतर पश्चिम रेल्वेने मुंबई-अहमदाबाद मार्गावर सहाशेहून अधिक किलोमीटर लोखंडी कठडा बसवला, आणि माझ्या मते खरा उपाय तोच. दंडाने म्हैस अडत नाही. दंडाच्या भीतीने फक्त मालक अडतो, घरात बसून राहतो, आणि जखमी जनावर बिनमालकाचं होऊन उन्हात पडून राहतं. कायदा नको असं मी म्हणत नाही. शेकडो प्रवाशांची गाडी रुळावरून उतरू शकते, हे मी रोज डोळ्यांसमोर ठेवूनच काम करतो. पण मदत करायला गेलेल्याने ही भीती लक्षात घेतली पाहिजे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चेंगलपट्टू-अरक्कोणम मार्गावर वालाजाबादच्या अलीकडे आम्ही तपासणीला निघालो होतो. भरावाच्या उतारावर एक जर्सी संकरित गाय आडवी पडलेली दिसली. गँगमधला एक जण म्हणाला, गाडीने उडवली. मी जवळ गेलो. रक्त नाही, खरचटलेलं नाही, पाय शाबूत. मान मात्र वळवून कुशीवर टाकलेली, डोळे जड, आणि कानाला हात लावला तर कान थंडगार. मे महिन्यातलं ऊन आणि कान थंड! कास भरलेली होती. गावाकडे हे मी पाहिलेलं होतं. नुकतीच व्यायलेली, चांगलं दूध देणारी गाय एकाएकी बसते आणि उठत नाही. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण अंग उलट गार पडतं. सगळं कॅल्शियम दुधात उतरतं, रक्तातलं कमी पडतं आणि स्नायू काम करेनासे होतात. डॉक्टरने वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिलं तर गाय बहुधा उठते. उशीर झाला तर मरते.

डॉक्टर हवा, आणि मालकही हवा, कारण मालकाशिवाय सुई कुणाच्या परवानगीने टोचायची? भरावाखाली दहा-बारा घरं होती. मी माझ्या तमिळमध्ये विचारलं, "यारोड माडु?" एक म्हातारा म्हणाला, "तेरियादु." माहीत नाही. बाईने दार लावून घेतलं. आमचा की-मन त्याच भागातला. तो मला म्हणाला, साहेब, तुम्ही युनिफॉर्मवाले, तुम्ही विचारू नका. आणि तो वस्तीच्या मधोमध उभा राहून मोठ्याने म्हणाला, गाडी लागलेली नाही, केस नाही, डॉक्टर येतो आहे. मग जरा थांबून त्याने विचारलं, "यार वीट्टु कन्नुकुट्टी अळुदु?" कुणाच्या घरचं वासरू रडतंय?

खरंच, मागच्या एका झोपडीतून वासरू सारखं हंबरत होतं. माझ्या कानावर तो आवाज पडत होता, पण त्याचा अर्थ की-मनने लावला. झोपडीमागून एक आजीबाई डोळ्यांना पदर लावत बाहेर आल्या. गाय दोन दिवसांपूर्वी व्यायली होती. घरात ती एकच गाय, आणि दूध सोसायटीत घालून मिळणाऱ्या पैशांवर आजी आणि दोन नाती. दंड होईल म्हणून त्या तासभर आत बसून होत्या, आणि त्यांची गाय समोर मरत होती.

डॉक्टर येईपर्यंत आम्ही एकच काम केलं. गाय कुशीवर सपाट पडली होती, तिला चार जणांनी मिळून छातीवर बसतं केलं आणि दोन्ही बाजूंना माती भरलेली पोती लावली. वर ताडपत्रीची सावली केली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोटरसायकलवरून आल्या, हळूहळू सलाईनची बाटली शिरेत सोडली. थोड्या वेळाने गाईच्या अंगावर शहारे आले, तिने ढेकर दिला, शेण टाकलं, आणि अर्ध्या तासात उठून उभी राहिली. आमच्या गँगने टाळ्या वाजवल्या. आजींनी मला नव्हे, की-मनला नमस्कार केला, आणि तेच बरोबर होतं.

आता 'बसतं करा' हे का, ते सांगतो, कारण हे कुणालाही करता येतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटात चारा आंबतो आणि सतत वायू तयार होतो. तो ढेकरावाटे बाहेर पडतो. जनावर कुशीवर सपाट पडून राहिलं, किंवा मेंढी खाचेत उताणी पडली, की ढेकर देता येत नाही, पोट फुगतं, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत जनावर जातं. म्हणून छातीवर बसवायचं आणि टेकू द्यायचा. मेंढी असेल तर सरळ करून जरा वेळ धरून ठेवायची, लगेच सोडली तर पुन्हा कोलमडते. त्यासाठी डिप्लोमासुद्धा लागत नाही.

पोट डाव्या कुशीत ढोलासारखं फुगलं असेल तर मात्र डॉक्टरच. इथे लोकांचा हात शिवशिवतो. बाटलीने तेल पाजा, सोडा पाजा. जनावराचं डोकं वर करून बाटली ओतली की ते पोटात न जाता श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि मग पोटफुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने मरतं. पडलेल्या, सुस्तावलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नका, पाणीसुद्धा ओतू नका. समोर ठेवा, प्यायचं असेल तर ते पिईल.

विणारी गाय अडलेली दिसली तर दोन पुढचे खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसतंय का, एवढं लांबून पाहा. दिसत असेल तर तिला एकटं सोडा. एकच पाय बाहेर असेल, किंवा पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झाला तरी प्रगती नसेल, तर मालक आणि डॉक्टर. दोरी बांधून ट्रॅक्टरने वासरू ओढल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. त्याचं वर्णन इथे मुलं बसली आहेत म्हणून करत नाही.

यापुढचं मात्र जरा लक्ष देऊन ऐका, कारण यात माणसाचा जीव जातो. एखादं जनावर लाळ गाळतंय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, सारखं हंबरतंय. बघणाऱ्याला वाटतं की घशात काहीतरी अडकलं, कोय अडकली, बोंड अडकलं. आणि दयाळू माणूस बाही सरसावून तोंडात हात घालतो. मंडळी, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गाई-म्हशीचीही लक्षणं हुबेहूब अशीच असतात. चावा काही आठवडे, काही महिने आधीचा असतो, कुणाच्या लक्षातही नसतो. त्या लाळेतून, हातावरच्या बारीकशा ओरखड्यातून रेबीज माणसाला होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की त्यावर उपाय नाही. म्हणून लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, म्हणजे नाही. लाळ लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. याउलट २०२२ मध्ये आपल्या गावाकडे लम्पीची साथ आली तेव्हा अंगावर गाठी आलेल्या गाईंना लोक भिऊन लांब पळत होते. लम्पी माणसाला होत नाही. जिथे भ्यायचं नाही तिथे आपण भितो, आणि जिथे भ्यायला हवं तिथे हात घालतो.

रुळांवर जनावर अडकलेलं दिसलं तर आधी जनावराकडे धावू नका. आम्हीसुद्धा धावत नाही. आमचा माणूस आधी लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने पळतो, सहाशे मीटरवर एक फटाका आणि बाराशे मीटरवर तीन फटाके रुळावर बांधतो, आणि मग बाकीचं. तुम्ही जवळच्या फाटकावरच्या गेटमनला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा. जागा सांगताना "ते चिंचेचं झाड आहे ना" असं सांगू नका. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा रंगवलेला असतो, तो वाचून सांगा. तार तुटून खाली आली असेल आणि जनावर तिला चिकटलं असेल तर ते वाचवण्याची इच्छा गिळून टाका. त्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तुटलेली तार जिवंत आहे असंच धरून चालायचं.

गलाईवाल्या मंडळींसाठी आता रस्त्याचं सांगतो, कारण दिवाळीला आणि जत्रेला तुम्ही सगळे गाडीने गावाला जाता. कृष्णगिरी, बंगळुरू, तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. या पूर्ण वाटेवर, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी एकच फोन नंबर आहे, १९६२. आताच मोबाईलमध्ये घालून ठेवा. रात्रीबेरात्री गाडी येईलच असं नाही, पण निदान जवळच्या डॉक्टरचा पत्ता लागू शकतो. गाडी उभी करताना आधी मागचे दिवे लावा. गाईला वाचवताना मागून ट्रक आला तर गाय आणि तुम्ही दोघंही जाल.

ट्रकमध्ये कोंबलेली गुरं दिसली तर काय, असं मला नेहमी विचारतात. १९७८ च्या जनावरं वाहतुकीच्या नियमांप्रमाणे एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल नेता येत नाहीत. गंमत म्हणजे याच नियमांत आमच्या रेल्वेचंही बारीकसारीक लिहिलेलं आहे. ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये दहा मोठी जनावरं, मीटरगेजमध्ये सहा, नॅरोगेजमध्ये चार. गुरांचा डबा गाडीच्या मध्यभागी जोडायचा, आणि डब्यात स्वयंपाक करायचा नाही! कुणीतरी बसून नीट विचार करून लिहिलेले नियम आहेत. पण ट्रक अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर टिपा आणि ११२ वर पोलिसांना सांगा. रस्त्यावर मारामारी करणाऱ्यांनी आजवर कुठल्या बैलाला सावलीत बांधून पाणी पाजल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि जे जनावर वाचणारच नाही, कणा मोडलेलं, तडफडणारं? त्यासाठीही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तेरावं कलम आहे. मालक सापडत नसेल तरी पोलीस अधिकारी पशुवैद्याला बोलावू शकतो, आणि पशुवैद्याने तसं प्रमाणपत्र दिलं तर त्याच्या यातना संपवता येतात. तो निर्णय आपला नाही, पण त्या दोघांना तिथपर्यंत आणणं आपल्या हातात असतं. दगड घेऊन उभ्या असलेल्या पोरांना हाकलणंही.

हा कायदा ज्यांच्यामुळे झाला त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल इथल्याच, तिरुवान्मियूरच्या कलाक्षेत्राच्या. आपल्या मुली भरतनाट्यम शिकतात म्हणून त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे, पण त्यांनी राज्यसभेत जनावरांसाठी विधेयक मांडलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा. वरचा फोन नंबर आणि हे साल एकच, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. ते मंडळ कितीतरी वर्षं चेन्नईतच होतं, २०१८ मध्ये हरियाणात गेलं. आणि आपल्या गिंडीत, वेळच्चेरी रस्त्यावर, ब्लू क्रॉस आहेच. कॅप्टन सुंदरम यांनी १९५९ मध्ये आपल्या घरातून सुरू केलेलं काम. इथे नव्याने आलेल्यांनी एकदा जाऊन बघावं. कुत्र्या-मांजरांबरोबर तिथे गाईगुरंही दिसतील.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एक शेवटची गोष्ट. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचं पाणी सैदापेटपर्यंत कसं आलं, ते आपण भोगलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडेही तेच झालं. गुरं चांगली पोहतात, म्हैस तर फारच. पुरात त्यांना बुडवतं ते दावं. माणसं घाईत घर सोडतात आणि गोठ्यातली गाठ सोडायची राहून जाते. पाणी चढताना दिसलं आणि आपल्याला सुरक्षितपणे जाता येत असेल, तर फक्त दावं सोडायचं किंवा कापायचं. ओढून नेण्याच्या भानगडीत पडायचं नाही, उंचावरची वाट त्यांना आपल्यापेक्षा आधी कळते. आमच्या ट्रॉलीवर नेहमी एक विळा असतो, गवत कापायला म्हणून. गाडीत तुम्हीही एखादा ठेवायला हरकत नाही.

मघाशी एका वहिनींनी विचारलं की म्हैस अंगावर आली तर? वहिनी, तिचं रेडकू जवळपास असेल. रेडकू आणि म्हैस यांच्या मधे उभं राहू नका, पाठ दाखवून पळू नका, हळूहळू बाजूला व्हा. आणि मालकाला हाक मारा. वाक्य तर आता पाठ झालंच आहे.

आरतीची वेळ झाली, घंटा वाजवणारी मुलं माझ्याकडे रागाने बघताहेत. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!